फुंकणीबाई आणि एकेचाळीस घरं

माझ्या धाकट्या जावेचा विषय निघाला की लोक म्हणतात, "किती सोसलं हो बिचारीने, पण मन मोठं!" मन मोठं वगैरे काही नाही. तिच्या मनात एक माणूस तेवीस वर्षं रुतून बसला होता. संधी मिळाली तशी तिने त्याला उपटून उन्हात उभा केला आणि त्याचं जे करायचं ते केलं. मी शेजारी होते. मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही, तिला तर त्याहून नाही. तेव्हा 'बिचारी' हा शब्द आधी बाजूला ठेवा.

ती आमच्या घरात आली तेव्हा दहावी पास होती आणि तोंडाने फटकळ होती. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गारगोटी दळायच्या गिरणीत कामाला होते. गारगोटी दळून तिची पांढरी पूड करायची, पोत्यांत भरायची, काचेच्या कारखान्यांना पाठवायची. भाऊजी पोती भरण्याच्या खोलीत. संध्याकाळी घरी आले की भुवया, पापण्या, कानांतले केस सगळं पांढरं. धाकटी दारातच त्यांना अडवायची आणि म्हणायची, "आजोबा, आमचे हे कुठे आहेत, पाहिलंत का?" रोज तोच विनोद. भाऊजी रोज हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

तिच्या लग्नाला दहाएक वर्षं झाली होती तेव्हा गावात एका आरोग्य संशोधन संस्थेने पाहणी काढली. गिरणीच्या पुडीने छातीचा आजार होतो का, होत असेल तर कोणाला, किती वर्षांच्या कामानंतर, आणि टाळायचा कसा, असा विषय. घरोघर जाऊन माहिती भरायला बायका हव्या होत्या. धाकटी गेली आणि निवडली गेली. हातात फॉर्मचा गठ्ठा, खांद्याला पिशवी, पिशवीत पांढरी प्लास्टिकची नळी. नळीवर आकडे आणि एक सरकता काटा. माणसाने दम भरून जोरात फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. तीन वेळा फुंकायचं, तिन्ही आकडे लिहायचे. आठवड्याभरात गावाने तिचं नाव फुंकणीबाई ठेवलं.

कामात ती वस्ताद होती. मी दोनदा सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर गेले होते म्हणून सांगते. एखादा माणूस लाजून हळूच फू करायचा. ही लगेच, "काका, चहा गार करायचा नाहीये. बायकोवर ओरडताना लावता तेवढा दम लावा." आतून बायकोचा आवाज, "तेवढा लावला तर तुमची नळी फुटेल हो!" मग सगळं घर हसायचं, काका चिडून फुंकायचे आणि काटा खराखुरा सरकायचा. फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. हिचा तो कायम भरलेला. 'पहिल्या वेळी हसले, धरलं नाही. दुसऱ्या वेळी खोकल्याची उबळ, पाणी दिलं, दहा मिनिटं थांबले. तिसरी बरोबर.'

या कामाचा प्रमुख होता एक डॉक्टर. बायकांनी त्याला इस्त्रीसाहेब म्हणायला सुरुवात केली होती, कारण त्याच्या शर्टावर सकाळची घडी संध्याकाळीही तशीच असायची. घाम त्या माणसाला ठाऊकच नव्हता. तो धाकटीचे फॉर्म चिमटीत धरून म्हणायचा, "बाई, शेरा म्हणजे कादंबरी नव्हे." ती म्हणायची, "साहेब, माणूस खोकला तर खोकला लिहू नको का?"

पाहणीचा नियम असा, की जिथे आपण राहतो ती वस्ती आपण करायची नाही. धाकटीला बाजाराकडचा भाग मिळाला. टेकडीवरच्या वस्तीत गिरणीतले सर्वांत जुने कामगार राहायचे. बारीक दळणाच्या खोलीत ज्यांची पंधरा-वीस वर्षं गेली होती ते सगळे तिथे. एकेचाळीस घरं आणि वर जायला एकशे चौतीस पायऱ्या. ती वस्ती ज्या बाईकडे होती तिला दिवस राहिले, तिने काम सोडलं. इस्त्रीसाहेब म्हणाला, "तेवढी घरं मी स्वतः करतो." बायकांना केवढं कौतुक वाटलं!

पुढे अहवाल आला. गिरणीतल्या कामगारांचा दम आणि बाजारातल्या दुकानदारांचा दम यांत म्हणण्यासारखा फरक नाही. थोडा खोकला आढळतो, तो तंबाखूमुळे. झालं. कामगार पाण्याचे फवारे आणि हवा बाहेर ओढणारे पंखे मागत होते. मालकाने अहवालाची प्रत काच लावून ऑफिसच्या भिंतीवर टांगली. शास्त्रानेच सांगितलं म्हटल्यावर कोण बोलणार?

तीन वर्षांनी भाऊजी गेले. वय एकोणचाळीस. शेवटचे चार महिने त्यांना आडवं होता येत नव्हतं. भिंतीला पाठ लावून, दोन उशा मांडीवर घेऊन बसून राहायचे. बाथरूमपर्यंत जायला मध्ये एक खुर्ची ठेवली होती, विसाव्याला. सगळी मिळून नऊ पावलं. ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नाही त्याच्या कागदावर आधी क्षय लिहिला, मग तंबाखू.

भाऊजी गेल्यावर इस्त्रीसाहेब भेटायला आला होता. धाकटी संस्थेतच काम करत होती, तेव्हा येणं भाग होतं. खुर्चीच्या कडेला बसला, घडी मोडू नये म्हणून. म्हणाला, "वेळीच सिगारेट सोडली असती तर..." धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. ती फटकळ बाई गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली आणि मनात म्हटलं, या माणसाचं काही खरं नाही.

पण करणार काय? हातात काही नव्हतं. ती संस्थेतच राहिली. जंतांची पाहणी, मीठ आणि रक्तदाबाची पाहणी, लसींची पाहणी, एकामागून एक. नव्या मुलींना शिकवायला लागली. इस्त्रीसाहेब संचालक झाला, निवृत्त झाला, रोगप्रतिबंधावर व्याख्यानं द्यायला लागला. व्याख्यानात तो अहवाल हटकून यायचा. 'पुराव्याशिवाय घबराट पसरवू नये' याचं उदाहरण म्हणून. आणि गिरणीत तशीच पांढरी पूड उडत होती, नवी पोरं तिथे पोती भरत होती.

दोन वर्षांपूर्वी संस्थेत एक नवी डॉक्टर आली. तरुण, चष्मेवाली, जेवणाचा डबा विसरणारी. तिने ठरवलं, की जुन्या पाहणीतल्या माणसांचं पुढे काय झालं ते शोधायचं. किती जगले, किती गेले, कशाने गेले. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या आणि जुने फॉर्म बाहेर काढले. धाकटी आता अठ्ठावन्न वर्षांची. नवी डॉक्टर म्हणाली, "बाई, टेकडीची वस्ती कोणाला देऊ? दोन्ही मुली पायऱ्या बघूनच परत आल्या."

"द्या मला," धाकटी म्हणाली.

तिसऱ्या घरात एक म्हातारी भेटली. धाकटीने जुना फॉर्म वाचून दाखवला. तुमच्या मालकांनी तेव्हा तीनदा फुंकलं होतं, चारशे सत्तर, चारशे ऐंशी, चारशे ऐंशी. म्हातारी म्हणाली, "कोणी फुंकलं?"

"तुमच्या मालकांनी."

"अगं बाई, त्यांना सगळी वस्ती बासरी म्हणायची, ठाऊक नाही का तुला? गाठ झाली म्हणून गळा कापला होता त्यांचा. इथे, हे असं भोक. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. तोंडाने मेणबत्ती विझवता यायची नाही त्यांना. बोलायचं तर पाटीवर लिहून. आणि ते चारशे ऐंशी फुंकतात?"

"मग आमचे साहेब आले होते तेव्हा..."

"कोण साहेब? इथे कुणीसुद्धा आलं नाही."

धाकटी त्या दिवशी सगळी वस्ती फिरली. एकेचाळीस घरांपैकी एकाही घरात कोणी आलं नव्हतं. दोन माणसं तर फॉर्मवरच्या तारखेआधीच वारली होती आणि फॉर्मवर ठणठणीत फुंकत होती. ती फॉर्म घेऊन थेट माझ्याकडे आली. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला फार वेळ लागला नाही. गिरणीतले एकशे बारा कामगार मोजले होते. त्यांतले सर्वांत खंगलेले एकेचाळीस काढून त्यांच्या जागी कागदावरचे एकेचाळीस पैलवान बसवले, तर सरासरी चांगलीच दिसणार. एकेचाळीस फॉर्म, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. शेऱ्याचा रकाना एकेचाळीस वेळा कोरा. एवढ्या माणसांत एकालाही खोकला आला नाही, एकही हसला नाही.

"गिरणीच्या मालकाने पैसे चारले असणार," मी म्हणाले.

"नाही जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मी ओळखते ना त्याला. पायऱ्या होत्या म्हणून. ऊन होतं म्हणून."

हे ऐकून मला जो संताप आला तो आजही उतरलेला नाही. लाच खाल्ली असती तर निदान हाव तरी म्हणता आली असती. शर्ट चुरगळू नये म्हणून एवढी माणसं मारली मेल्याने!

नव्या डॉक्टरने वर कळवलं. तिघांची समिती नेमली, महिन्याभराने धाकटीचा जबाब घ्यायचं ठरलं. आणि चौथ्या दिवशी इस्त्रीसाहेब धाकटीच्या दारात. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. सत्तरीचा झाला होता, केस गेले होते, घडी तशीच.

"बाई, तुम्ही माझ्या हाताखाली तयार झालात."

"हो."

"त्या काळी कामाची घाई असायची. फॉर्मची सरमिसळ होऊ शकते. दुसऱ्या वस्तीचे फॉर्म टेकडीच्या गठ्ठ्यात गेले असतील. तुम्ही गठ्ठे बांधायचात, तुम्हाला आठवत असेल."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक कोणाचीच नाही. एवढंच म्हणायचं, की निश्चित आठवत नाही. या वयात माझं नाव..." तो थांबला. "माझ्यापाशी नावाशिवाय काय आहे?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीने मला डोळ्यांनी दटावलं.

"साहेब," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ती घरं राहिलीच आहेत. तुम्हीच करणार होतात ना? मग करा. एकेचाळीसच्या एकेचाळीस, तुमच्या हाताने. मी बरोबर येते. ते झाल्यावर मी काय बोलायचं त्याचा विचार करीन."

"या उन्हात?" त्याने विचारलं.

"सकाळी आठला खालच्या पायरीवर. पाण्याची बाटली आणा."

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, त्याने गोळा केलेल्या माहितीवर कोण विश्वास ठेवील?"

"प्रत्येक फॉर्मवर माझी सही असेल. आणि डॉक्टरबाई नंतर दुसरी मुलगी पाठवून सगळी घरं तपासणार आहेत. विचारून ठेवलंय मी."

"आणि तू खरंच त्याला सोडणार?"

"तुम्ही भाजी निवडा," ती म्हणाली.

अकरा दिवस रोज सकाळी हा कार्यक्रम चालला. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मी हट्टाने गेले, कारण हा सोहळा चुकवणं मला परवडणारं नव्हतं. पन्नास पायऱ्यांवर तो पहिल्यांदा टेकला. धाकटी तीन पायऱ्या वर उभी राहून घड्याळ बघत होती. "बसा साहेब, बसा. इथली माणसं पोतं घेऊन चढायची, पण तुम्ही बसा." शर्ट पाठीला चिकटला होता. घडी संपली होती एकदाची.

बासरीच्या म्हातारीने दार उघडलं. धाकटी म्हणाली, "हे आमचे साहेब. यांनीच लिहिलं होतं की मालकांनी चारशे ऐंशी फुंकलं."

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या. सव्वीस वर्षं वाट पाहिली, अजून थोडी पाहिली असती. बसा. काय विचारायचं ते विचारा."

त्याने विचारायला सुरुवात केली. नाव, गिरणीत किती वर्षं, कोणत्या खोलीत. दम लागायला कधी लागला. रात्री बसून काढाव्या लागायच्या का. कधी वारले. आवाज इतका बारीक, की म्हातारी म्हणाली, "मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही." मग त्याला ते सगळं ओरडून विचारावं लागलं. शेजारच्या बायका दारात जमल्या. कोणी शिवी दिली नाही. नुसत्या ऐकत उभ्या होत्या. ते फार वाईट असतं.

"शेरा राहिला, साहेब," धाकटी म्हणायची.

"काय लिहू?"

"बाई सांगतायत ते. शेवटच्या महिन्यात नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवायच्या, तेच लिहा. कादंबरी झाली तरी चालेल."

प्रत्येक घरात तेच. खोकला, दम, भिंतीला पाठ, क्षयाची औषधं, उपयोग नाही. एकेचाळीस माणसांपैकी एकतीस गेलेली. त्यांतली बावीस पन्नाशी गाठायच्या आत. चार कुठे गेली पत्ता नाही. सहा जिवंत होती. त्या सहांना फुंकायला लावायचं होतं. आधी फुंकून दाखवायचं, असा नियम आहे. सत्तरीचा इस्त्रीसाहेब फुंकला, तीनशे नव्वद. समोरचा माणूस त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तो फुंकला, एकशे वीस. काटा तिथेच अडकला की काय म्हणून साहेबाने नळी झटकून पाहिली.

"नळी चांगली आहे, साहेब," धाकटी म्हणाली. "पुन्हा घ्या. तीनदा घ्यायचं असतं."

सहाव्या दिवशी त्याची बायको मला फोन करून म्हणाली, "अहो, त्यांना भोवळ आली काल. जेवत नाहीत. तुमच्या जावेला जरा सांगा ना." मी तिला म्हटलं, टोपी घालायला सांगा. तिच्याबद्दल मला राग नव्हता, पण टोपीपलीकडे देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

अकराव्या दिवशी एकेचाळिसावा फॉर्म झाला. खाली उतरल्यावर तो कठड्याला धरून उभा राहिला. चेहरा चुन्यासारखा. म्हणाला, "बाई, मला कल्पना नव्हती." आणि खरं सांगते, रडला. मला क्षणभर वाटलं, ही आता विरघळणार. बायकांना ती खोड असते. पुरुष रडला की हातातलं हत्यार खाली ठेवायची.

धाकटीने फॉर्मचा गठ्ठा मोजला. "एकेचाळीस. सह्या झाल्या. या आता, जपून जा."

समितीच्या दिवशी तो दाढी करून, कडक शर्टात आला होता. तिला पाहून मान हलवली, जणू दोघांचं काही ठरलंय. लांब टेबल, तीन माणसं, एक लिहून घेणारी मुलगी. मी मागच्या खुर्चीत. धाकटीने पिशवीतून गठ्ठा काढला. तिने काय केलं होतं? प्रत्येक घराचा जुना फॉर्म आणि नवा फॉर्म एकत्र टाचला होता. एकेचाळीस जोड्या. वरचा जुना, चारशे ऐंशी, शेरा कोरा. खालचा नवा, 'फॉर्मवरच्या तारखेआधी चार वर्षं गळ्याची शस्त्रक्रिया, तोंडाने फुंकणे अशक्य.' दोन्हीकडे तेच अक्षर. तोच लांब शेपटीचा 'श', तीच सही.

"माझा जबाब लहान आहे," ती म्हणाली. "सरमिसळ झाली नव्हती. गठ्ठे मी बांधले होते, मला नीट आठवतंय. हे दोन्ही साहेबांनीच लिहिलंय. यातलं खरं कुठलं, ते त्यांनाच विचारा."

अध्यक्षांनी एक जोडी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. चौथीनंतर चष्मा काढून ठेवला आणि त्याच्याकडे वळले, "हे तुमचंच अक्षर?"

त्याला हो म्हणावं लागलं. दोन्हींना.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याने तिला गाठलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"विचार करीन म्हटलं होतं. अकरा दिवस केला की."

"तुम्ही मला फसवलंत."

"हो," धाकटी म्हणाली. सरळ, डोळ्याला डोळा देऊन. तिने कारण दिलं नाही, भाऊजींचं नाव काढलं नाही, काहीही नाही. तो उभाच राहिला, तिच्या तोंडून अजून काहीतरी येईल म्हणून. ती चपला घालत होती.

अहवाल मागे घेतला गेला. नवी आकडेमोड डॉक्टरबाईने केली, मी शेजारी बसून तपासली. बारीक दळणाच्या खोलीत दहा वर्षं काढलेल्या माणसाचा धोका बाजारातल्या माणसाच्या किती पट, ते आता छापलेलं आहे, आणि ते साधं नाही. गिरणीवर पाण्याचे फवारे आणि पंखे बसवायचा हुकूम आला. मालकाने सहा महिने टाळाटाळ केली. धाकटी दर सोमवारी त्याच्या ऑफिसात जाऊन बसायची, पंखे लागेपर्यंत. इस्त्रीसाहेबाची व्याख्यानं बंद झाली. संस्थेच्या जिन्यात माजी संचालकांचे फोटो आहेत, त्यांतला एक खिळा रिकामा आहे.

मध्यंतरी बाजारात तो दिसला. पाठीत वाकलेला, काठी टेकत, एकटाच. आम्हाला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी धाकटीला विचारलं, "खरं सांग, वाईट वाटतं का कधी?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "त्या अकरा दिवसांत त्याने बारा घरांत पाणी मागितलं, आणि त्या बायकांनी दिलं. मी नको म्हणायला हवं होतं."

मग ती कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करून बघायला लागली आणि भाजीवाल्याला म्हणाली, "ही कालची आहे. मला काय आंधळी समजलास?"